तापलेल्या तारेची करवत

2018 साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी येईपर्यंत गणपतीच्या दिवसांत पार्ल्यातही घरोघरी थर्माकोलची मखरे होत. आता मखर नको. पण नव्या उपकरणांच्या खोक्यांतले तुकडे शाळेतील प्रतिकृतींसाठी उपयोगी पडतात. सुरीने त्यांचा भुगा होतो. तापलेल्या तारेने ते वितळून सुबक कापले जातात.

28 गेजच्या नायक्रोम तारेचा रोध मीटरला सुमारे 10 ओहम, म्हणजे 30 सेंटिमीटरला 3 ओहम असतो. 6 व्होल्टवर प्रवाह 2 अँपिअर, शक्ती 12 वॅट. 6 व्होल्ट, 3 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पुरे. तार लाकडी चौकटीवर स्प्रिंगने ताणा. तापून ती मिलिमीटरभर लांबते.

काही जण ट्रान्सफॉर्मरऐवजी 100 वॅटचा दिवा एकसरीत जोडून तार थेट 230 व्होल्टला लावतात. असे मुळीच करू नका! प्रवाह जेमतेम 0.43 अँपिअर, म्हणून तार धड तापत नाही. मात्र तिला बोट लागले तर जिवावर बेतेल. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांत तारेचा जोड नसतो, तेच आपले संरक्षण. त्याची 230 व्होल्टची बाजू शिक्षकांकडून जोडून, डब्यात बंद करून घ्या. कापताना खिडकी उघडी हवी. धूर निघाला तर तार फाजील तापली समजा.

तार 60 सेंटिमीटरची घेतली तर किती व्होल्ट लागतील? प्रत्येक सेंटिमीटर तेवढाच तापायला हवा!