मोठ्या टाकीची कुवत

खाऱ्या पाण्याची छोटी रीफ टाकी वर्ष-दीड वर्ष नीट चालली की मोठ्या टाकीची ओढ लागते, आणि ती रास्तच आहे. 75 लिटरच्या काचेत क्लाउनफिशची जोडी, एखादा गोबी आणि प्रवाळांच्या चार-पाच वसाहती यांपलीकडे फारसं काही मावत नाही. मे महिन्यात चिलर बंद पडला तर पाणी बघता बघता तापतं, उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं राहिलं तर खारटपणा चढतो. 450 लिटरच्या टाकीत हे दोन्ही धक्के सौम्य होतात, म्हणून मोठी टाकी सांभाळायला सोपी असं सर्रास सांगितलं जातं. हे खरं आहे, पण टाकी मुरल्यानंतर. बदलाच्या दिवशी मोठ्या टाकीत पाणी सहापट असतं आणि घाण पचवण्याची कुवत मात्र जुन्या टाकीएवढीच असते. हयगय झाली तर त्याहूनही कमी. स्थलांतरात जी जनावरं हकनाक मरतात, ती माझ्या मते बहुतेक वेळा हा एक फरक न ओळखल्यामुळे मरतात. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका मुद्द्यातून निघतं.

ही कुवत राहते कुठे, हे आधी पाहू. माशाच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया सुटतो. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू पाण्यात मोकळे फिरत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात, आणि सच्छिद्र दगडाइतका पृष्ठभाग टाकीत दुसऱ्या कशालाच नसतो. जाकार्त्याच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपल्या पद्धतीबद्दल लिहिलं तेव्हा त्यांच्या टाक्यांत समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे यांपलीकडे जवळजवळ काही नव्हतं. आज सम्प, स्किमर, नियंत्रक असा सगळा सरंजाम आला, तरी पाया तोच आहे. या जिवाणूंची वाढ फार संथ असते. अन्न कुजवणारे जिवाणू तासाभरात अनेक पटींनी वाढतात; अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला अनुकूल परिस्थितीतही कित्येक तास, बऱ्याचदा दिवसभर लागतो. शिवाय त्यांची संख्या टाकीच्या लिटरांवर ठरत नाही, रोज मिळणाऱ्या अमोनियावर ठरते. म्हणजे दगड तेवढेच आणि मासे तेवढेच राहिले तर टाकी कितीही मोठी घेतली तरी पहिल्या दिवशीची कुवत तीच.

खाऱ्या पाण्यात या हिशेबाला वेगळीच धार येते. अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच फार विषारी आहे. पीएच जितका चढा, तितका त्या रूपाचा वाटा जास्त. पीएच 7 वर जो वाटा असतो तो रीफ टाकीच्या 8.2 वर दहापटीहून अधिक होतो. गोल्डफिशच्या भांड्यात जे खपून जातं ते इथे खपत नाही, त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाक्या अनेकदा हलवलेल्या माणसाने तोच अनुभव इथे प्रमाण मानू नये.

जुनं पाणी पूर्ण वाचवायचंच, असा आग्रह फार जुना आहे. बादल्या भरभरून पाणी नेतात, आणि त्या नादात दगड मात्र तासभर फरशीवर पडून राहतात. वरचा मुद्दा पटला असेल तर हा अग्रक्रम उलटा आहे हे लक्षात येईल. जुन्या पाण्यातून जिवाणू जवळजवळ येतच नाहीत. दगड हवेत राहिला तर त्यावरचे स्पंज आणि इतर बारीक जीव मरतात, नंतर पाण्यात कुजतात आणि स्वतःच अमोनियाचा नवा स्रोत होतात. जुनं पाणी निरुपयोगी आहे असं मात्र नाही. बदलाच्या दिवशी दगड, प्रवाळ आणि मासे ज्या टबांत ठेवायचे त्यांत तेच घालावं, कारण त्याचा खारटपणा आणि क्षारता जनावरांच्या अंगवळणी पडलेली असते. तेवढं झाल्यावर उरलेलं टाकून देताना हळहळू नये.

सर्वांत मोठा धोका वाळूत असतो, आणि यावर जरा थांबायला हवं. वर्षभर चाललेल्या टाकीच्या तळाशी दोन-तीन इंच वाळू असेल तर तिच्यात न खाल्लेलं अन्न, विष्ठा, मेलेल्या किड्यांचे अवशेष असं बरंच काही झिरपून बसलेलं असतं. खालच्या थरात प्राणवायू पोचत नाही. तिथे वेगळे जिवाणू काम करतात आणि हायड्रोजन सल्फाइड साचू शकतो. वाळूतले काळे पट्टे आणि सडक्या अंड्यांचा वास ही त्याची खूण. जोवर वाळू जागेवर आहे तोवर हे सगळं दबलेलं राहतं. ती फावड्याने उचलून नव्या टाकीत ओतली की साठलेला अमोनिया, सल्फाइड आणि कुजका गाळ एका झटक्यात पाण्यात येतो, आणि नेमक्या त्याच वेळी दगडांवरचे जिवाणू हलवाहलवीने दमलेले असतात. वाळूतही जिवाणू असतात, मग ती का फेकायची, हा आक्षेप वाजवी आहे. उपयोगाचे जिवाणू मुख्यतः वरच्या पातळ थरात असतात; तो एक वाटीभर थर हलक्या हाताने खरवडून नव्या वाळूवर पसरला तर विरजणाएवढं काम होतं. बाकी वाळू वापरायचीच असेल तर पाणी निवळ येईपर्यंत धुवावी लागते, आणि इतकी धुतल्यावर तिच्यात जिवंत काही उरत नाही. मग नवी वाळू घेणंच शहाणपणाचं. दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी सगळी टाकी पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

यावर अनुभवी मंडळी म्हणतील की एका दिवसात टाकी बदलून सगळं सुखरूप राहिल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. आहेत, आणि मी ती नाकारत नाही. पण ती नीट तपासली तर बहुधा तीन गोष्टी सापडतात: दगड सगळे जुनेच होते आणि ओले राहिले, वाळू नवी होती किंवा नव्हतीच, आणि मासे वाढवले नव्हते. कुवत जशीच्या तशी उचलून नेली आणि बोजा वाढू दिला नाही, म्हणून ते निभावलं. टाकी मोठी होती म्हणून निभावलं, असा अर्थ त्यातून काढला की पुढची चूक तिथेच सुरू होते.

दगड वाढवायचे असतील तर ते काम बदलाच्या आधी करायला हवं. कोरडे दगड किंवा मातीचे भाजलेले सच्छिद्र ठोकळे नव्या टाकीत, किंवा जागा नसेल तर एखाद्या मोठ्या ड्रममध्ये, खाऱ्या पाण्यात पंप आणि हीटर लावून ठेवावेत. जुन्या टाकीतला एक दगड त्यांच्यात सोडावा, थोडा अमोनिया किंवा माशांचं खाणं घालत राहावं आणि घातलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर येतो का ते टेस्ट किटने पाहावं. याला बहुधा महिना-दीड महिना जातो. इथे आपल्याकडच्या वाचकांना एक गोष्ट ठासून सांगायला हवी. दगड कमी पडले म्हणून मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ चिकटलेला दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळ-वसाहती 2020 मध्ये हलवल्या गेल्या, तेव्हा महापालिकेलासुद्धा वन्यजीव खात्याची परवानगी घ्यावी लागली होती. दुकानातून परदेशी प्रवाळ घेतानाही आयातीची कागदपत्रं मागावीत. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर माल कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नये. कोरडा दगड सावकाश मुरवण्यात जो वेळ जातो तो किनाऱ्यावर ओरबाडून वाचवायचा नसतो. समुद्रावर प्रेम असल्याशिवाय हा छंद कोणी करत नाही, निदान करू नये.

पाण्याची तयारीही आधीची. 450 लिटरसाठी साधारण 16-17 किलो मीठ लागतं आणि ते आरओ-डीआयच्या शून्य टीडीएस पाण्यातच विरघळवावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि तांब्याच्या नळ्यांतून येणारं तांबं कोळंबी-गोगलगायींना मारक ठरतं. पाणी दिवसभर पंपाने ढवळू द्यावं, मगच रिफ्रॅक्टोमीटरने 35 पीपीटी आणि हीटरने 25-26 अंश जुळवावेत. कोकण किनाऱ्यावरची मंडळी समुद्राचं पाणी आणतात. त्यांनी पावसाळ्यात ते टाळावं, कारण नद्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याजवळचा खारटपणा उतरतो आणि गाळ वाढतो. वजनाचाही विचार हवा. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी पाणी, दगड, काच आणि स्टँडसह 600 किलोच्या पुढे जाते, तेही पाऊण चौरस मीटरपेक्षा कमी जागेत. राहत्या घराच्या स्लॅबवर आपल्या मानकांत चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरतात. स्लॅब तो भार पसरून घेतो हे खरं, तरी टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता बीमलगत, भिंतीशी ठेवावी आणि जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवूच नये.

प्रत्यक्ष दिवशी पहिलं काम हीटर बंद करण्याचं. पाण्याबाहेर तापलेली काच तडकते. मग वरचं स्वच्छ पाणी तळ न ढवळता टबांत काढावं, प्रवाळ आणि दगड आधी हलवावेत आणि मासे शेवटी, कारण दगड निघाल्यावर उथळ पाण्यात ते धावपळ न करता हाती लागतात. टबांवर झाकण हवं, आणि प्रत्येक टबात पंप किंवा हवेचा दगड चालू हवा. 25 अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेसात. गर्दीच्या टबात अमोनियाच्या आधी प्राणवायूच संपतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असावा. वीज आपली वेळ बघून जात नाही. झोआ आणि पॅलिथोआ ही प्रवाळं हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावाच. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असतं. ती चिकटलेले दगड ब्रशने घासणं किंवा उकळणं जिवावर बेतू शकतं. दगड उकळताना वाफ नाकात जाऊन कुटुंबंच्या कुटुंबं रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. लहान मुलांना त्या दिवशी खोलीबाहेर ठेवावं.

मासे टिकले आणि प्रवाळ मात्र पांढरे पडले, असंही होतं, आणि तेव्हा अमोनियाचा दोष नसतो. मोठ्या टाकीबरोबर नवा, ताकदवान दिवा येतो. प्रवाळांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवालं जुन्या प्रकाशाला सरावलेली असतात. अचानक जास्त प्रकाश पडला की त्यांच्यात घातक ऑक्सिजन-संयुगं तयार होतात आणि प्रवाळ ती शैवालं बाहेर टाकतात. दिवा निम्म्या ताकदीवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत चढवावा, प्रवाळ आधी खालच्या बाजूला ठेवावेत. क्षारतेचंही तसंच. जुन्या टाकीत 8 डीकेएच असेल आणि नव्या मिठाचं पाणी 11 दाखवत असेल, तर ॲक्रोपोरासारख्या प्रवाळांची टोकं जळतात. दोन्ही आकडे आधी मोजून मिठाची निवड करावी.

नंतरचे दीड महिने सर्वांत अवघड, कारण टाकी रिकामी दिसते. मोकळी जागा पाहून टँगसारखा मासा आणावासा वाटतो. बाटलीतले जिवाणू घातले की वाट पाहायला नको, असा सल्लाही मिळतो. त्या बाटल्या काही वेळा सुरुवात लवकर करून देतात हे मान्य, पण त्यातले जिवाणूही दगडावर बसून अन्नाच्या प्रमाणातच वाढणार; नव्या माशाचा बोजा ते आगाऊ उचलू शकत नाहीत. पहिला आठवडा खाणं कमी द्यावं, दोन आठवडे रोज अमोनिया मोजावा, आणि पुढे एका वेळी एकच मासा, दोन माशांत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवून आणावा. वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर येईल. ते डायटम असतात आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरतात, त्यांच्यासाठी औषधं ओतू नयेत. जुनी 75 लिटरची टाकी मात्र विकू नका. तळ रिकामा ठेवून, स्पंज फिल्टर आणि एखादा पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकून ती नव्या माशांसाठी विलगीकरणाला वापरा. पांढऱ्या ठिपक्यांचा सागरी रोग मोठ्या टाकीत शिरला तर प्रवाळांमुळे तिथे तांब्याचं औषध घालता येत नाही, सगळे मासे बाहेर काढून टाकी दोन-अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. एकदा तांबं घातलेल्या छोट्या टाकीत पुन्हा कधी प्रवाळ किंवा कोळंबी ठेवू नका, आणि तिची जाळी, नळ्या, बादली वेगळ्या रंगाची पट्टी लावून बाजूला ठेवा.