माझ्या मुलीचं उत्तर बरोबर होतं

प्रश्न असा होता: साईन क्षचा वक्र आणि क्ष-अक्ष यांच्यामधलं क्षेत्रफळ काढा, शून्यापासून एका पूर्ण आवर्तनापर्यंत. माझ्या मुलीने ४ लिहिलं. क्लासच्या टेस्टमध्ये त्यावर लाल फुली पडली आणि शेजारी सरांच्या हातचं शून्य. वर सगळ्या बॅचसमोर ऐकवलं, "लिमिट घातली की झीरो येतं, एवढंही दिसत नाही का?"

वक्र अर्धं आवर्तन अक्षाच्या वर असतो, अर्धं खाली. वरच्या भागाचं संकलन अधिक २, खालच्याचं उणे २. नुसतं संकलन विचारलं असतं तर शून्य बरोबर होतं. पण विचारलं होतं क्षेत्रफळ, आणि जमीन नदीच्या अल्याड असो की पल्याड, तिचे एकर उणे होत नाहीत. दोन आणि दोन चार. तिने आकृती काढून, दोन तुकडे करून लिहिलं होतं, तेही व्यवस्थित.

मी बी.एस्सी.ला गणितच घेतलं होतं. पेपर घेऊन मी भेटायला गेले. सरांनी तो हातातही घेतला नाही. फोनवर काहीतरी बघत म्हणाले, "ताई, सीईटीला नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्न असतात. पोरं आकृत्या काढत बसली तर झालंच मग." मी म्हटलं, "सर, वेळेचं नंतर बघू, हे उत्तर बरोबर आहे की चूक, तेवढं सांगा." त्यावर, "तुमच्या वेळचं गणित वेगळं होतं." क्षेत्रफळ माझ्या वेळीही धनच होतं!

खरा संताप पुढे आला. काही दिवसांनी क्लासच्या ग्रुपवर त्याच टेस्टची आन्सर की नव्याने आली. त्या प्रश्नापुढे आता ४ होतं. खुलासा नाही, मुलीचे कापलेले मार्क परत नाहीत, 'सॉरी' तर दूरच. म्हणजे मी समोर बसले होते तेव्हा त्यांना कळलं होतं. कळूनही त्यांनी एका सतरा वर्षांच्या मुलीला चूक ठरवून घरी पाठवलं. तिने त्यानंतर कितीतरी दिवस आकृती काढणंच सोडलं होतं, याचा हिशोब कोण देणार?

धाकटा दहावीत, त्याच क्लासला. त्याला एकसामयिक समीकरणं कशी शिकवली ते सांगते. ३७क्ष + ६३य = ३३७ आणि ६३क्ष + ३७य = ३६३. बेरीज केली की क्ष + य = ७, वजाबाकी केली की क्ष − य = १; म्हणून क्ष ४, य ३. सुंदर आहे. पण सहगुणकांची अदलाबदल झालेली असेल तेव्हाच हे चालतं, हे कुणी सांगितलंच नाही. मी ५क्ष + ३य = २१ आणि २क्ष + ७य = २० घातलं, तर त्याने बेरीज करून ७क्ष + १०य = ४१ आणलं आणि माझ्याकडे बघत बसला.

ज्यांची मुलं या वाटेवर आहेत त्यांनी एवढं करा. समीकरण सुटलं की ताळा दुसऱ्या समीकरणात घ्या. क्षची किंमत पहिल्यात घालूनच य काढलेला असतो, त्यामुळे क्ष चुकला तरी पहिलं समीकरण जुळतंच. तिथला ताळा हा ताळाच नव्हे. संकलनाच्या उत्तराचं विकलन करून मूळ फल परत येतं का बघायला लावा. क्लासमध्ये हेच चारी पर्यायांवर करायला शिकवतात, सीईटीला ते खपतं. बारावी बोर्डाच्या ८० मार्कांच्या पेपरात बहुपर्यायी १६च मार्कांचे असतात. बाकी सगळं स्वतः मांडून दाखवायचं. संकलनाच्या उत्तरातला सी विसरू नये. क्षेत्रफळ म्हटलं की आधी आकृती, मग वक्र अक्षाला कुठे छेदतो ते, मग लिमिट. कुणी कितीही हसलं तरी.

बालभारतीच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं आधी, क्लासच्या नोट्स नंतर. सराव रोज हवा, झोप पुरेशी हवी, हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे.

आणि प्रवेश घेताना भिंतीवरच्या टॉपरांच्या फोटोंना भुलू नका. कुठल्याही मुलाची तपासलेली टेस्ट मागून बघा: पायऱ्यांना मार्क दिलेत की फक्त शेवटच्या ओळीवर बरोबर-चूक केलंय? टेस्ट दाखवायला कां-कूं करतील तिथून उठा. फी एकरकमी भरू नका, 'सवलत आजच्या दिवसच आहे' म्हणाले तरी. हप्ते पाडून घ्या, प्रत्येकाची पावती घ्या, मध्येच सोडलं तर किती परत मिळेल ते लिहून घ्या. आम्ही दोघांची फी जूनमध्येच भरली होती. मुलांना काढून घेतो म्हटल्यावर ऑफिसातल्या मॅडमनी पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली. ती अक्षरं फी भरायच्या आधी वाचा.