फुटबॉलचा सामना पाहायला मुंबईला जाताना

फुटबॉलचे वेड कोल्हापूरकरांचे, असे आपण म्हणतो. पण विश्वचषकासाठी मध्यरात्री उठून दूरदर्शन संचापुढे बसणारे सोलापुरातही कमी नाहीत. त्यांपैकी काही जण प्रत्यक्ष सामना पाहायला मुंबईला जातात. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाले. स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामनाही तेथेच झाला. अशा वेळी तिकीट, गाडी, उतरण्याची सोय यांची तयारी सारे करतात. प्रकृतीची तयारी मात्र राहून जाते. ती कशी करावी, ते आज पाहू.

मुंबईचे ऊन वेगळे

"आम्ही ४२ अंशांत राहणारी माणसे, मुंबईच्या ३४ अंशांचे आम्हाला काय?" असे पुष्कळ जण म्हणतात. हा समज घातक आहे. नुसत्या घाम येण्याने शरीर थंड होत नाही. घाम वाळला तरच ते थंड होते. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे घाम झटकन वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावरून नुसता निथळतो. पाणी व मीठ शरीरातून जाते, पण आतली उष्णता आतच राहते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपासच होता.

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे, चक्कर येणे या पहिल्या खुणा. अशा वेळी ताबडतोब सावलीत बसावे आणि घोट घोट जलसंजीवनी घ्यावी. औषधी दुकानातील मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवावे. ते नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. (चमचा चहाचा समजावा.)

माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी फसू नये. कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही.

गर्दीत छाती सांभाळा

१६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षकांचा बळी गेला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियात मलंग येथे अश्रुधुरानंतर प्रेक्षक दारांकडे धावले आणि १३५ जणांचे प्राण गेले. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण गेले. गर्दीत माणसे तुडवली जाऊनच मरतात असे नाही. चहूबाजूंनी दाब आला की छाती फुगत नाही, श्वास घेता येत नाही आणि उभ्या उभ्या गुदमरून मृत्यू येतो.

म्हणून मैदानात शिरताच बाहेर पडण्याची दोन दारे पाहून ठेवा. सामना संपल्यावर पंधरा-वीस मिनिटे जागेवरच बसा. लोकल पुढचीही मिळते. गर्दीत सापडलात तर दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखा. लोंढ्याच्या उलट जोर लावू नका, त्याच्याबरोबर सरकत तिरके कडेला या. पडलेली चप्पल वा पिशवी उचलायला वाकू नका. लहान मुलाच्या खिशात नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

हृदयरोगी व मधुमेही

२००६ च्या विश्वचषकाच्या वेळी जर्मनीत म्युनिक परिसरात डॉक्टरांनी पाहणी केली. जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना अडीच पटींहून अधिक झाल्या होत्या. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता. तेव्हा रक्तदाबाची व हृदयाची गोळी प्रवासातही चुकवू नये. छातीत दाटून आले, डावा हात वा जबडा भरून आला, तर "सामना संपू दे" म्हणून थांबू नये.

मधुमेह्यांनी रांगेत उपाशी ताटकळू नये. हात थरथरले, दरदरून घाम आला की लगेच साखर खावी. इन्शुलिन उन्हात तापलेल्या पिशवीत ठेवू नये. मैदानात पाण्याची बाटली व खाण्याचे पदार्थ बहुधा नेऊ देत नाहीत. म्हणून आधीच पाणी पिऊन घ्यावे आणि औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी.

खाणे आणि पावसाचे पाणी

कढईतून नुकताच निघालेला वडा चालेल. पण पातळ चटणी, कापून ठेवलेली फळे आणि बर्फ घातलेले सरबत टाळा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून, विशेषतः पायाला जखम असताना, चालू नका. त्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू येतात. चालावे लागलेच तर पाय साबणाने धुवा आणि डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर मुंबईला गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हिवतापाचा तपासही त्यामुळे वेळेवर होतो.

शेवटी एक. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर जागून सकाळी उतरायचे आणि तसेच मैदान गाठायचे, हे टाळा. ठाण्याला उतरून नेरूळची लोकल मिळते. पण आधी दोन तास अंग टाका, न्याहारी करा, मग निघा. संघ हरला तरी पुढच्या वर्षी पुन्हा खेळेल. आपण धडधाकट घरी परतलो, तरच तो पाहता येईल.