घरी रक्तदाब कसा मोजावा

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात भिलाई हे पोलादनगर वसले आहे. भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारातून येथील कारखाना उभा राहिला आणि त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा कारखान्यात भट्टीवर किंवा बाष्पनलिकांवर काम करणाऱ्या माणसाला दाबमापक यंत्र परके नसते. काटा एकदा वर गेला म्हणून तो घाबरत नाही आणि एकदा खाली दिसला म्हणून निश्चिंतही होत नाही. ठराविक वेळी नोंद करून तो काट्याचा कल पाहतो. स्वतःच्या शरीरातील दाबाकडेही मनुष्याने याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त वेगाने धमन्यांत लोटले जाते. त्या क्षणी धमन्यांच्या भित्तींवर पडणारा दाब म्हणजे आकुंचनकालीन किंवा ‘वरचा’ दाब होय. हृदय शिथिल होते तेव्हा जो दाब शिल्लक राहतो, तो प्रसरणकालीन किंवा ‘खालचा’ दाब. दोन्ही दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही; परंतु वर्षानुवर्षे तो हृदय, मेंदू, मूत्रपिंडे व डोळे यांची हानी करीत राहतो. पुष्कळांना त्याचा पहिला परिचय पक्षाघाताच्या झटक्यानेच होतो. म्हणून तो मोजून पाहण्याखेरीज ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही.

मोजण्याची विद्या

इंग्लंडमधील स्टीफन हेल्स याने घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्त किती उंच चढते हे पाहिले व तो प्रयोग १७३३ मध्ये प्रसिद्ध केला. माणसावर असा प्रयोग करणे शक्य नव्हते. १८९६ मध्ये इटलीतील रिव्हा-रोच्ची याने दंडाभोवती हवेने फुगणारा पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याची रीत दिली. परंतु तिने मुख्यतः वरचा दाबच कळे. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह याने पट्ट्याखालच्या धमनीवर श्रवणनळी ठेवली. पट्टा सैल होताना ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा दाब आणि ते नाहीसे होतात तो खालचा, असे त्याने दाखविले. त्यानंतर पन्नास वर्षांनी त्याच्याच देशाचे अभियंते भिलाईच्या माळावर येणार होते.

घरगुती स्वयंचलित यंत्र ठोके ऐकत नाही. पट्ट्यातील हवेच्या दाबात धमनीच्या स्पंदनांमुळे होणारी सूक्ष्म आंदोलने टिपून ते आकडे काढते. त्यामुळे नाडी अनियमित असल्यास त्याचे आकडे फसवे ठरू शकतात. यंत्र दंडावर बांधावयाचे असावे. मनगटावरील यंत्रे तेवढी भरवशाची नसतात. पट्टा दंडाच्या मापाचाच हवा. जाड दंडावर अरुंद पट्टा बांधला तर दाब खोटाच अधिक दिसतो.

योग्य रीत

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, विडी-सिगारेट, तंबाखू व श्रमाचे काम टाळावे. लघवी करून यावे. पाठीला टेका देऊन खुर्चीवर बसावे; पावले जमिनीवर सपाट असावीत, पायावर पाय नसावा. पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा व हात मेजावर असा ठेवावा, की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला, तर आकडा सात-आठ मिलिमीटरने वाढतो. मोजताना बोलू नये. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजून पाहावे व पुढे ज्या दंडावर दाब अधिक भरतो तोच वापरावा.

सकाळी औषध व न्याहारी यांच्यापूर्वी आणि सायंकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस मोजावे. रात्रपाळी करणाऱ्याने मात्र ‘सकाळ’ घड्याळावरून ठरवू नये. झोपून उठल्यानंतरची वेळ ही त्याची सकाळ. पाळी संपवून, उन्हातून सायकल दामटीत घरी येताच घेतलेला आकडा श्रमाचा असतो, विश्रांतीचा नव्हे. प्रत्येक नोंदीपुढे पाळी लिहून ठेवल्यास डॉक्टरांना अर्थ लावणे सुलभ जाते.

नोंदींचा अर्थ

पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत. उरलेल्या सहा दिवसांच्या चोवीस नोंदींची सरासरी काढावी. समजा, दवाखान्यात एखाद्याचा दाब १५२/९४ भरला. घरच्या चोवीस वरच्या आकड्यांची बेरीज ३१२० व खालच्यांची १९६८ आली, तर सरासरी १३०/८२ होते. दवाखान्यात १४०/९० ही जशी मर्यादा मानतात, तशी घरी १३५/८५ ही मानतात. म्हणजे या माणसाचा दाब डॉक्टरांसमोरच वाढत असावा. याउलट दवाखान्यात १३४/८४ भरलेल्या दुसऱ्या माणसाच्या बेरजा ३५०४ व २१६० आल्या, तर सरासरी १४६/९० होते. हा छुपा उच्च रक्तदाब अधिक घातक, कारण तो कोणाच्या ध्यानात येत नाही.

तथापि वही म्हणजे डॉक्टर नव्हे. आकडे उतरले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणे ही सर्वांत मोठी चूक होय. आकडे बहुधा गोळ्यांमुळेच उतरलेले असतात. दाब १८०/१२० च्या वर दिसल्यास पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावा. तो तसाच राहिल्यास त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोबडी वळणे, दृष्टी अंधुक होणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे यांपैकी काही असेल, तर पुन्हा मोजण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

दिवसाचे मीठ पाच ग्रॅमांपेक्षा कमी ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे व पापड यांतील मीठही त्यातच मोजावयाचे. कारखान्यातील दाबमापकाची नोंद पाळीगणिक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. घरातील यंत्राची वही मात्र ज्याची त्यानेच ठेवावयाची असते. आणि ती नियमाने ठेवणाऱ्यास संकटाची पूर्वसूचना बहुधा वेळेत मिळते.