ई अँड टीसी मिळालं, आता पुढे?

बारावीचा निकाल लागून कॅपच्या फेऱ्या सुरू झाल्या की मालवण, कुडाळ, कणकवलीतल्या घराघरांत एकच घोर असतो : झिलाक कॉम्प्युटर नाय गावला तर तेचा काय होतला? निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, त्यामुळे अपेक्षाही मोठ्या. मग यादीत इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचं नाव आलं की चेहरे उतरतात. ही शाखा म्हणजे हुकलेल्या कॉम्प्युटरची भरपाई नव्हे, असं माझं ठाम मत आहे. ते पटवण्यासाठी तिच्यातला एकच विषय घेतो : मायक्रोवेव्ह सर्किटं लहान करणं, आणि तेही कमीत कमी गणनेत.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मच्छीमार बोटींसाठीच्या संपर्क यंत्रणेचा देशव्यापी प्रारंभ झाला. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपॉन्डर बसवायचे, अशी ही योजना. मोबाइलची रेंज संपल्यावरही बोटीला उपग्रहामार्फत संदेश पाठवता यावा, संकटात हाक मारता यावी, यासाठी इस्रोने हे तंत्रज्ञान विकसित केलं. अशा कुठल्याही डब्याच्या पोटात अँटेना असतो, नको त्या लहरी अडवणारा फिल्टर असतो, क्षीण संकेत वाढवणारा अॅम्प्लिफायर असतो. हे भाग कुणीतरी आखावे लागतात. ते आखणारा तो मायक्रोवेव्ह किंवा आरएफ इंजिनिअर.

त्याची अडचण आकाराची असते. या सर्किटांची लांबी-रुंदी लहरीच्या लांबीवर ठरते. १ गिगाहर्ट्झची लहर हवेत ३० सेंटीमीटर लांब असते. हिरव्या एफआर-४ बोर्डावर तांब्याच्या पट्टीतून जाताना ती सतराएक सेंटीमीटर होते. पाठ्यपुस्तकातला वर्तुळाकार कपलर, म्हणजे संकेत वाटून देणारा भाग, दीड लहरीचा, म्हणजे परीघ २५ सेंटीमीटर आणि व्यास सुमारे ८. एवढी बशी खिशातल्या यंत्रात मावणार कशी? म्हणून पट्ट्या दुमडायच्या, त्यांना फाटे काढायचे, खालच्या तांब्यात खाचा पाडायच्या. पण पट्ट्या जवळ आल्या की एकीतली लहर दुसरीला जाणवते आणि पुस्तकातली सूत्रं खोटी पडू लागतात. मग विद्युतचुंबकीय लहरींची मॅक्सवेलची समीकरणं संगणकावर सोडवण्यावाचून, म्हणजे सिम्युलेशनवाचून, गत्यंतर उरत नाही.

हे काम फार वेळ खातं. समजा, एका सर्किटात दहा मापं ठरवायची आहेत आणि प्रत्येकासाठी तीनच पर्याय तपासायचे आहेत. तरी शक्यता होतात ५९,०४९. एका सिम्युलेशनला वीस मिनिटं धरली तर सगळ्या तपासायला ८२० दिवस, म्हणजे सव्वादोन वर्षं लागतील. महागडा संगणक आणला तर दिवस कमी होतील, पण मापं दहाची बारा झाली की शक्यता नऊपट वाढतात. नुसत्या यंत्राच्या जोरावर हे गणित सुटत नाही.

इथे बुद्धी लागते. जाणता तांडेल सगळ्या दर्यात जाळं टाकत नाही. पाण्याचा रंग, वारा आणि दोन-चार ठिकाणचा अंदाज घेऊन तो जागा ठरवतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले जॉन बँडलर यांनी १९९४मध्ये मांडलेली ‘स्पेस मॅपिंग’ पद्धत याच वळणाची. सर्किटाचं एक ढोबळ, क्षणात सुटणारं प्रतिरूप घ्यायचं, बहुतेक शोध त्याच्यावर घ्यायचा आणि अचूक पण संथ सिम्युलेशन मोजक्या वेळा चालवून ढोबळ प्रतिरूपाची चूक दुरुस्त करत जायची. हजारोंचं काम कित्येकदा मोजक्या सिम्युलेशनांवर येतं. दुसरी पद्धत क्रिगिंग. तिचं मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत आहे. खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी १९५१मध्ये मोजक्या नमुन्यांवरून मधल्या भागातल्या सोन्याचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. आज तीच रीत मोजक्या सिम्युलेशनांवरून अँटेना आखायला वापरतात. आणि अलीकडच्या काळात या विषयात भरपूर काम झालं ते आइसलँडमधल्या रेक्याविक विद्यापीठात, स्लावोमिर कोझिएल यांच्या गटाकडून. तो देशही मासेमारीवर वाढलेला, आणि लोकसंख्येने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून लहान.

पालकांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कामात पायथन लागतं, सांख्यिकी लागते, मशीन लर्निंगही लागतं. म्हणजे ‘कॉम्प्युटर’ सुटलेलं नाही. भर आहे ती भौतिकशास्त्राची, आणि दोन्ही जाणणारी माणसं कमी असतात.

काम कुठे मिळतं? मुंबईत पवईच्या आयआयटी आवारात ‘समीर’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मायक्रोवेव्ह विभागातून ती १९८४मध्ये स्वतंत्र झाली. कॅन्सरच्या किरणोपचाराची यंत्रंही तिने बनवली आहेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण लोकांना पाहता येते. दहावी-बारावीतल्या मुलाला तिथे एकदा घेऊन जा. दहा समुपदेशकांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. याशिवाय अहमदाबादचं इस्रोचं स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटर, बंगळूरची डीआरडीओची रडार प्रयोगशाळा, भारत इलेक्ट्रॉनिक्स, आणि पुणे, बंगळूर, हैदराबादमधल्या चिप आणि दूरसंचार कंपन्या आहेतच.

उणी बाजूही सांगायला हवी. सॉफ्टवेअरच्या मानाने जागा थोड्या असतात. नुसत्या बी.ई.वर चांगली सुरुवात होणं कठीण. बहुतेकांना गेट देऊन एम.टेक. करावं लागतं, म्हणजे घराला आणखी दोन वर्षं धीर धरावा लागतो. गेटमधून प्रवेश मिळाला तर विद्यावेतन मिळतं, हा दिलासा. नोकरी मालवणात नसेल. आणि ज्याला गणिताचा मनापासून कंटाळा आहे, त्याला या वाटेवर ढकलू नका.

दहावीनंतर डिप्लोमाची वाटही चांगली आहे. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. कुठल्या शाखेच्या किती जागा, ते त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत पाहावं. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं आणि सोल्डरिंगला सरावलेला हात पुढे फार कामी येतो. बी.एस्सी. फिजिक्स करून एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, ही वाटही खुली आहे.

मुलांनो, सुरुवातीला फार पैसा लागत नाही. आयआयटी मुंबईतल्या प्रा. गिरीश कुमार यांचे अँटेना आणि मायक्रोवेव्हवरचे अभ्यासक्रम एनपीटेलवर मोफत आहेत. ओपनईएमएस हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं. एक छोटा फिल्टर आखा, बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये घरीच कोरा (हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून), काही हजारांत मिळणाऱ्या नॅनोव्हीएनए या छोट्या व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझरवर मोजा. संगणकाचा आलेख आणि मोजलेला आलेख जुळणार नाहीत. ते का जुळले नाहीत, हे ज्याला सांगता येतं त्याची मुलाखतीत दखल घेतली जाते.

आणि पालकांनो, महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा इमारत आणि प्लेसमेंटचा फलक बघून झाल्यावर विभागप्रमुखांना एवढं विचारा : तुमच्याकडे व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर आहे का, आणि मुलांना त्याला हात लावू देता का?