हातात मावणारा खेळ आणि त्याचे मोल

तेर म्हटले की अभ्यासकांना प्रथम आठवते ती तेथील हस्तिदंती स्त्रीप्रतिमा. तिच्या जातीची एक भारतीय मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली, आणि ते नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले असल्यामुळे तेरच्या मूर्तीचा काळ ठरविण्यासही आधार मिळाला. परंतु तेरच्या संग्रहालयात मी रेंगाळलो तो मातीच्या लहान लहान प्रतिमा, मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे यांपाशी. गावाच्या पांढरीत नांगराच्या फाळाला लागावे आणि कोणी वाकूनही पाहू नये, अशा या वस्तू. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वेचल्या, जपल्या. आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, सोंगट्यांचे पट जमविले तेव्हाही पुष्कळांना ते वेडच वाटले असेल.

एवढी प्रस्तावना करण्याचे कारण असे की, मी ज्या वस्तूंविषयी लिहिणार आहे त्यांचे नाव ऐकून आमच्या विभागातील सर प्रथम हसले होते. त्या वस्तू म्हणजे हातात धरून खेळावयाचे व्हिडिओ गेम. आणि त्यांतही दूरदर्शनसंचावरील वरसंशोधनाच्या कार्यक्रमांवर बेतलेले.

या खेळांचा इतिहास फार जुना नाही. जपानच्या निन्टेंडो कंपनीत गुन्पेई योकोई यांनी घडविलेला ‘गेम अँड वॉच’ १९८० साली बाजारात आला. १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ आला. आपल्याकडे खेडोपाडी पोहोचला तो मात्र ‘ब्रिक गेम’. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचलेल्या ‘टेट्रिस’ची ही स्वस्त नक्कल. माझ्या काकांनी तो येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या जत्रेतून आणला होता. वर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले. मी एका सुटीत बसून मोजले, तर वेगवेगळे खेळ बोटांवर मोजण्याइतकेच. बाकी सारी वेगाची व पातळीची उलटसुलट.

आता वरसंशोधनाकडे वळू. अमेरिकेत २००२ साली ‘द बॅचलर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. एक तरुण, अनेक इच्छुक तरुणी, आणि प्रत्येक भागाअखेर राहणारीला गुलाबाचे फूल. आपल्याकडे २००८ मध्ये ‘स्प्लिट्सव्हिला’ आले, २००९ मध्ये ‘राखी का स्वयंवर’. द्रौपदीच्या स्वयंवरात निदान मत्स्यभेदाची अट तरी होती. येथे कॅमेऱ्यापुढे न डगमगणे हीच मोठी परीक्षा! पुढे २०१० मध्ये ‘द बॅचलर’वर निन्टेंडो डीएस या हातातल्या यंत्रासाठी खेळ निघाला. माझ्या संग्रहातील त्याचे कार्ट्रिज अमेरिकेहून आलेल्या आतेभावाने दिलेले आहे. टपाल तिकिटाहून किंचित मोठा काळा चौकोन. डबा नाही, पुस्तिका नाही. “हे कशाला हवंय तुला? तिकडं कुणी फुकट घेईना,” असे म्हणूनच त्याने ते दिले.

त्याचे म्हणणे बाजाराच्या दृष्टीने चुकीचे नव्हते, आणि संग्राहकाने प्रथम हेच समजून घ्यावयास हवे. वस्तू दुर्मिळ असली म्हणजे मौल्यवान असतेच असे नाही. एखाद्या कार्यक्रमाच्या नावावर निघालेला खेळ त्या नावाच्या परवान्यावर जगतो; परवान्याची मुदत सरली की तो पुन्हा निघण्याची शक्यता फार थोडी. म्हणजे प्रती कमी होत जातात. पण मागणारेही त्याहून वेगाने कमी होतात, कारण लहानपणच्या आठवणीने माणूस मारिओ शोधतो, परक्याच्या लग्नाचा खेळ शोधत नाही. २०२१ च्या जुलैत ‘सुपर मारिओ ६४’ची न उघडलेली एक प्रत अमेरिकेतील लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. असे आकडे वाचून आपल्या कपाटातील प्रत्येक खेळाला सोन्याचा भाव येईल असे मानणे हे शुद्ध भोळेपण होय. विक्रेता मागतो ती किंमत नव्हे. गिऱ्हाईक प्रत्यक्ष मोजतो ती किंमत. जुने व्यवहार पाहावेत, जाहिराती नव्हेत.

प्रतीची अवस्था मुख्यतः तीन प्रकारची: नुसते कार्ट्रिज, डबा-पुस्तिकेसह पूर्ण प्रत, आणि वेष्टण न फोडलेली प्रत. या तिहींच्या भावात मोठे अंतर पडते. लोकप्रिय खेळांच्या बनावट कार्ट्रिजांचा सुळसुळाट आहे. आमच्या ‘बॅचलर’ची नक्कल करण्याचे कष्ट मात्र कोण घेणार? दुर्लक्षित वस्तूचा हा एक फायदाच म्हणावा.

बाजारभाव बाजूला ठेवला तरी या वस्तूला मोल उरते, ते तिच्या नोंदीमुळे. जमिनीतून निघालेला मणी कोठे, कोणत्या थरात, कशाशेजारी सापडला हे लिहिलेले नसेल तर तो नुसता सुंदर मणी राहतो. तेरला १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी उत्खनन केले, त्याचा अहवाल १९६९ मध्ये छापला गेला. एरवी मुक्या राहिल्या असत्या अशा वस्तू त्यात बोलतात. म्हणून मी प्रत्येक खेळासोबत एक कार्ड ठेवतो: कोणी घेतला, कोठे, किती रुपयांना, घरात कोण खेळत असे. ब्रिक गेमच्या कार्डावर आजीचे नाव आहे. दुपारी सगळे शेतात गेले की ती ठोकळे रचीत बसे, आणि विचारले तर “सेल चालतोय का बघत होते,” असे म्हणे. डब्यात सेलची जुनी पावती निघाली. तिच्यावर ‘उस्मानाबाद’ छापलेले आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, तेव्हा ती पावतीही आता काळ सांगू लागली आहे.

हे घाईने करावे लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तूला पुरावस्तू म्हणवून घेण्यास सामान्यतः शंभर वर्षे व्हावी लागतात. २०१० च्या कार्ट्रिजला त्यासाठी २११० उजाडावे लागेल, आणि तोवर त्याला भंगारवाल्याखेरीज कोणी वाली नाही. शिवाय असे खेळ आता मोबाईलवर निघतात. ‘लव्ह आयलंड’ या कार्यक्रमाचा खेळ तसाच आहे. कंपनीने आपली यंत्रणा बंद केली की तसल्या खेळाचे मागे काही उरत नाही. कपाटात ठेवावयाचे तरी काय? लग्न ही गोष्ट लोकांनी करमणूक म्हणून कशी पाहिली, याचा हातात धरता येणारा पुरावा अशा चार-दोन कार्ट्रिजांपुरताच उरावा, ही मला चिंतेची बाब वाटते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर असा एखादा खेळ पडला असल्यास तो टाकू नये. पत्र्याच्या घरातील उन्हाळा त्याच्या पडद्याला सोसत नाही, म्हणून सावलीत ठेवावा. आत पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन पत्र्या हलकेच पुसाव्यात व पूर्ण वाळू द्याव्यात. आणि तो कोणाचा होता ते घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावे. सेल मात्र सर्वांत आधी काढावेत.