आठ दिवसांचे मिशन : ध्येय किती ठेवावे?

‘सेवा’ हा शब्द व्यासपीठावरून उच्चारताना जितका सोपा वाटतो, तितका तो कुदळ हातात घेतल्यावर राहत नाही, हा अनुभव गेल्या दिवाळीच्या सुटीत मी घेतला. साताऱ्याच्या आमच्या मंडळीचा तरुण संघ सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात, एका वस्तीवर आठ दिवसांच्या सेवाफेरीसाठी गेला होता. फेरीचे साग्रसंगीत वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. अशा अल्पमुदतीच्या कार्याची उद्दिष्टे कशी ठरवावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जाणाऱ्या मित्रांनाही तो कदाचित उपयोगी पडेल.

निघण्यापूर्वी आम्ही एक कागद तयार केला. १०० प्रौढांना अक्षरओळख, २५ शोषखड्डे, सर्वांची नेत्रतपासणी, मुलांसाठी रोज बालसभा आणि प्रत्येक घरी प्रार्थना! अक्षर बरे म्हणून कागद मीच लिहिला. एवढ्यावर न थांबता, पहिल्या रात्रीच्या सभेत मी उभा राहिलो आणि ‘आठ दिवसांनी या वस्तीत कोणी अंगठा उठवणार नाही’ असे सांगून टाकले. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे बहुतेक म्हातारे आणि मुले होती, हे मात्र त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही.

धडधाकट माणसे वस्तीत नव्हतीच. साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला. कोयते घेऊन जोडपी कृष्णाकाठी ऊसतोडीला गेलेली. माझे सख्खे चुलते याच कामाला जात, आणि घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. दिवाळीनंतर वस्त्या ओस पडतात हे मला तरी कोणी सांगायला नको होते. पण कागद लिहिताना मी घरचे ज्ञान बाजूला ठेवले व भाषणांतले उचलले.

शोषखड्ड्यांचे गणितही असेच फसले. आठ दिवसांतले दोन प्रवासाचे, एक रविवार उपासनेचा, उरले पाच. आम्ही १४ जण. त्यांतले तिघे स्वयंपाक-पाण्याला. तीन फूट लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा त्या कठीण मुरुमात खणायला चौघांना दोन सकाळी लागतात. मग तळाशी मोठे दगड, वर लहान, त्यावर भोके पाडलेले मडके आणि मडक्यात नारळाच्या शेंड्या, म्हणजे खरकटे वर अडते व पाणी खाली मुरते. चौघांच्या दोन तुकड्या खणायला आणि उरलेले तिघे दगड वेचायला, असे धरले तर पाच दिवसांत चारच खड्डे होतात. तेवढेच झाले. हा हिशेब घरी बसून पाच मिनिटांत करता आला असता. नेत्रतपासणीला डॉक्टर मिळाले नाहीत; ते कलम तसेच राहिले.

घरोघरच्या प्रार्थनेबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. दोन दिवस आम्ही वहीत घरे टिपत होतो. पाहुण्याला नको कसे म्हणायचे, म्हणून माणसे हात जोडून बसत. तिसऱ्या दिवशी वही बंद केली आणि बोलावतील तेथेच गेलो. दोन घरांत आजारी माणसे होती, तेथे बराच वेळ बसलो. किती जणांचे मन पालटले याचा आकडा ध्येयात कधीही लिहू नये, असे माझे मत आहे. ते काम माणसाचे नव्हे, असे आपलाच विश्वास सांगतो. मग त्याचे कोष्टक कशाला मांडायचे?

परतताना मिरजेत गाडीला वेळ होता. तेथील मिशन रुग्णालयाचा इतिहास मी नंतर ग्रंथालयात वाचला. डॉ. विल्यम वान्लेस १८८९ मध्ये भारतात आले. प्रारंभ केला तो सांगलीत, एका लहान दवाखान्याने. मिरजेचे रुग्णालय उघडले १८९४ मध्ये, आणि १८९७ मध्ये त्यांनी येथल्याच तरुणांना वैद्यक शिकवण्याचा वर्ग काढला. १९२८ मध्ये ते परत गेले, म्हणजे एकूण ३९ वर्षे! त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ती सर्वजण सांगतात. मला तो वर्ग अधिक मोलाचा वाटतो. आमच्या साताऱ्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, आणि १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांना दोन वर्षेही मिळाली नाहीत. कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी, हे मान्य. तरी आपल्यामागे काम कोण करणार, हा प्रश्न ३९ वर्षांना असतो तसाच आठ दिवसांनाही असतो.

आमच्या रात्रीच्या वर्गाला शेवटपर्यंत सहाच बाया आल्या. त्यांत एक आजी होत्या. नाव चार अक्षरांचे. सातव्या रात्रीपर्यंत तीन अक्षरे बसली. निघताना त्यांनी विचारले, “आता परत कवा येणार, लेकरा?” मी ‘नाताळला’ म्हणून बसलो. नाताळात गेलो नाही. परीक्षा होती, असे मी स्वतःला सांगितले.

फेब्रुवारीत कळले की वस्तीवरच्या अंगणवाडी सेविकेने आजींना चौथे अक्षर शिकवले, आणि बाकीच्या पाचजणीही तिच्याकडे दुपारच्या बसतात. आमच्या कागदावर या बाईंचे नाव कुठेच नव्हते. आठ दिवसांत आम्ही त्यांच्याशी बोललो ते फक्त सतरंज्या मागण्यापुरते.

यंदा चौघेच जाणार आहोत, गणपतीच्या सुटीत, ऊसतोडीची टोळी निघण्यापूर्वी. कागद पुन्हा मीच लिहिला आहे. त्यावर दोन ओळी आहेत : जुने चार शोषखड्डे उपसून मडक्यांतल्या शेंड्या बदलणे, आणि सेविकाबाईंना पाट्या-पेन्सिली देऊन आणखी काय लागेल ते विचारणे. आजींना भेटायचे आहेच, पण ते कागदावर लिहिलेले नाही.